गच्चीवरचा तापमापक, नोंद १४: जार हलकी झाली, नवतपाचे दोन दिवस गेले

नवतपाचे, म्हणजे मेअखेरीस सुरू होणाऱ्या नऊ कडक उन्हाच्या दिवसांतले, पहिले दोन दिवस माझ्या डेटाबेसमधल्या तापमानाच्या टेबलात नाहीत. एक ओळही नाही. गच्चीवरचा सेन्सर सुरू, त्याच्या नोंदी घेणारा छोटा संगणक (रास्पबेरी पाय) सुरू, त्यावरचा माझा जावा प्रोग्रॅम सुरू, आणि टेबल रिकामं. नागपूरचा ४७.९ अंशांचा आकडा २३ मे २०१३ चा आहे. मेअखेरच्या याच दुपारी पकडायला मी हा सगळा खटाटोप मांडलाय, म्हणून जीव फार हळहळला.

झालं असं. गच्चीवर वायफाय जेमतेम पोचतं, २० एमबीची जार (प्रोग्रॅम आणि त्याच्या लायब्ररी एकत्र बांधलेली फाइल) चढवताना मधेच तुटते, हे मागे लिहिलंच होतं. म्हणून जार बांधणाऱ्या ग्रेडलच्या शॅडो प्लगइनमध्ये मिनिमाइझ लावलं, ते न लागणारे क्लास, म्हणजे कोडचे तुकडे, काढून टाकतं. जार १४ वर आली. गुआव्हा या लायब्ररीतलं मी वापरतो तेवढंच उरलं, बाकी सगळं साफ. लॅपटॉपवर आयडीईतून, म्हणजे कोड लिहायच्या प्रोग्रॅममधून, चालवून पाहिलं, पण आयडीई ही जार वापरतच नाही, हे तेव्हा ध्यानात आलं नाही.

मिनिमाइझ बाइटकोड, म्हणजे कंपाइल झालेला कोड, वाचतं. आपल्या क्लासेसपासून निघून कोण कोणाचा उल्लेख करतं ते पाहत जातं, ज्याच्यापर्यंत पोचता येत नाही तो क्लास बाहेर. माझा डेटाबेस एसक्यूलाइटचा, पण त्याच्याशी जोडून देणाऱ्या ड्रायव्हरचं नाव माझ्या कोडमध्ये कुठेच नाही, ते असतं जारमधल्या मेटा-इन्फच्या सर्व्हिसेस फोल्डरमधल्या एका टेक्स्ट फाइलमध्ये. जारमधल्या फाइलींची यादी काढून ग्रेपनं शोधलं. ती फाइल जागच्या जागी, आत ड्रायव्हरचं पूर्ण नाव, पुढे नेटिव्ह (प्रत्येक सिस्टिमसाठी वेगळ्या) लायब्ररींची लांबच लांब रांग, आणि क्लास फाइल एकही नाही. दारावर पाटी, आत घर रिकामं.

बरं, ओरडणारंही कोणी नव्हतं. जावाच्या जेडीकेमधला ड्रायव्हरमॅनेजर ड्रायव्हर लोड करताना आलेली चूक पकडतो आणि सोडून देतो. सोर्समध्ये तिथे ‘डू नथिंग’ अशी कॉमेंटच आहे. पुढे कनेक्शन मागितलं की ‘नो सूटेबल ड्रायव्हर’ येतं. ते माझ्या लॉगमध्ये दिसायला हवं होतं, पण लॉग लिहिणारा लॉगबॅकही त्याच कात्रीत सापडला होता. माझा कोड ज्याच्यामार्फत लॉग करतो ते एसएलएफफोरजे २ सुद्धा आपला प्रोव्हायडर, म्हणजे इथे लॉगबॅक, तसल्याच सर्व्हिस फाइलमधून शोधतं. तो मिळाला नाही की एक इशारा छापून गप्प बसणारा लॉगर लावतं. इशारा गेला स्टँडर्ड एररवर, आणि ती मी क्रॉनमध्ये, म्हणजे प्रोग्रॅम आपोआप सुरू करणाऱ्या यंत्रणेत, फेकून देत होतो. ते आता बंद केलंय.

आधी ड्रायव्हरचा क्लास मेनमध्ये, म्हणजे प्रोग्रॅमच्या सुरुवातीलाच, थेट वापरायचा विचार होता. मग वाटलं, उद्या दुसरी लायब्ररी हेच करेल. त्यापेक्षा मिनिमाइझच्या ब्लॉकमध्ये एक्सक्लूड, म्हणजे ‘कापण्यातून ही लायब्ररी वगळ’, लिहिणं स्वच्छ. एसक्यूलाइट एका ओळीत जमलं. लॉगबॅकनं रात्रीचा दीड वाजवला, कारण त्याच्या क्लासिक आणि कोअर या दोन जारपैकी फक्त क्लासिक वगळलं तर कोअर कापलं जातं. वगळलेली जार स्वतः वाचते, पण तिला जे लागतं ते आपोआप वाचत नाही. शेवटी क्लासिक, कोअर आणि एसएलएफफोरजेची एपीआय अशा तिन्ही ओळी लिहिल्या, आणि पहिली लॉगओळ उमटली तेव्हा घरातले सगळे झोपले होते, नाहीतर उठवून दाखवली असती.

जार पुन्हा १६ वर. तेव्हा कळलं की वजन क्लासेसचं नव्हतंच. एसक्यूलाइटच्या जारमध्ये विंडोज, मॅक, फ्रीबीएसडी, अँड्रॉइड, सगळ्यांच्या नेटिव्ह लायब्ररी येतात, आणि मिनिमाइझ फक्त क्लास फाइलींना हात लावतं. माझी पाय ६४ बिटची, मला लिनक्सची एआर्च६४ (६४ बिट एआरएम प्रोसेसरची) पुरे. बाकी फोल्डर नावानिशी जारमधून काढले. जार ४ एमबी! गच्चीवर एका दमात चढली. शॅडो प्लगइनबद्दल माझं मत अजून चांगलंच आहे, फक्त मिनिमाइझच्या आधी हे करायला हवं होतं.

डीएस१८बी२० या तापमान सेन्सरची नवी वायर सीताबर्डीतून आणली, स्टीलच्या प्रोबची. सोल्डर पक्कं आहे, पण तिच्याबद्दल पुढच्या वेळी.

आता प्रोगार्ड या दुसऱ्या कापणाऱ्या साधनाकडे वळणार होतो, ते क्लासमधल्या मेथडसुद्धा कापतं. पण हे लिहितानाच सुचलं: अख्खी, न कापलेली जार व्हर्बोज क्लासचा पर्याय देऊन दिवसभर चालवायची, खरोखर लोड झालेल्या क्लासेसची यादी काढायची, आणि मिनिमाइझनं काढलेल्या यादीशी ताडून पाहायची. दोन्हीकडे सापडेल तो क्लास धोक्याचा. त्या दिवसात सेन्सरची वायर एकदा मुद्दाम उपसायची, म्हणजे चूक झाल्यावरच लागणारे क्लासही यादीत येतील. प्रोगार्ड थांबलं. आज रात्री हेच लावतो, नवतपाचे अजून सात दिवस हातात आहेत.