आवाज डाव्या कानात, बेरिंग गेलेलं उजवं

तुर्भे एमआयडीसीतल्या आमच्या गॅरेजमध्ये ऑगस्टात एक हॅचबॅक आली, ७१,००० किलोमीटर चाललेली. पुढच्या डाव्या चाकातून घों घों आवाज आणि मीटरवर एबीएसचा (ब्रेक मारताना चाकं जाम होऊ न देणारी यंत्रणा) पिवळा दिवा, अशी तक्रार. गाडी नेरूळच्या एका काकांची.

"डावं बेरिंग महिन्यापूर्वीच बदललंय, दादा. आवाज होता तसाच आहे, वर हा दिवा पेटलाय. तो आधीचा मेकॅनिक म्हणतो चाकाचा वेग मोजणारा सेन्सर गेला, नवीन घ्या."

दिवा कधीपासून, विचारलं. बेरिंग बदललं त्याच संध्याकाळपासून. हे उत्तर डोक्यात ठेवलं आणि आधी आवाजाकडे वळलो.

सकाळी लवकर पाम बीच रोडला गाडी काढली. आवाज ४०ला सुरू, ६०ला भरात. ६०ला गाडी न्यूट्रल केली, इंजिनचे आरपीएम पडले, आवाज तसाच. म्हणजे इंजिन-गिअरबॉक्सचा प्रश्न नाही. ब्रेकवर हलकेच पाय ठेवला, फरक नाही. डांबरावरून काँक्रीटवर आलो की टायरचा आवाज लगेच बदलतो, हा बदलला नाही. तरी टायरला दाते पडलेत का, ते हात फिरवून बघितलंच. कारण दाते पडलेला टायर अगदी बेरिंगसारखा रडतो, आणि त्यापायी चांगली बेरिंग बदलली जातात. टायर सपाट होते. एक्सलच्या जॉइंटचा आवाज वेगळा, स्टिअरिंग पूर्ण कापून वळलं की टक-टक-टक. तो नव्हता.

मग रस्ता मोकळा बघून स्टिअरिंग हलकंच डावीकडे, हलकंच उजवीकडे. गाडी डावीकडे वळते तेव्हा वजन उजव्या चाकांवर येतं. डावीकडे वळताना घोंघावणं वाढलं, उजवीकडे वळताना जवळपास मिटलं. म्हणजे उजवं बेरिंग. कानाला मात्र आवाज डावीकडूनच येत होता. पत्रा आणि सबफ्रेम (खालची लोखंडी चौकट) आवाज कुठून कुठे नेतात याचा भरवसा नाही, म्हणून कानावर जायचं नाही, वजनावर जायचं.

गॅरेजमध्ये गाडी उचलून उजवं चाक वर-खाली धरून हलवलं. खेळ अजिबात नाही. काका म्हणाले, "चाक हलत नाही, मग बेरिंग कसं गेलं?" रास्त प्रश्न. हल्लीच्या सीलबंद, गोळ्यांच्या दोन रांगा असलेल्या बेरिंगमध्ये खेळ यायला लागतो तो अगदी शेवटी. धावपट्टीला, म्हणजे रिंगच्या ज्या भागावरून गोळ्या फिरतात त्याला, खड्डे त्याच्या कितीतरी आधी पडलेले असतात. एका हाताने चाक फिरवायचं आणि दुसऱ्या हाताची बोटं कॉइल स्प्रिंगवर टेकवायची. काकांचाच हात ठेवायला लावला. उजवीकडे स्प्रिंगमध्ये खरखर, जात्यात वाळू पडल्यासारखी. डावीकडे खरखर नाही, पण एक बारीक, ठराविक अंतराने येणारी थरथर होती. महिनाभराच्या बेरिंगला ती नको.

स्कॅनर लावून गाडी हळू फिरवली. तीन चाकं २०चा वेग दाखवत होती, पुढचं डावं शून्य. सेन्सरचा बिघाड-कोड होता, पण सेन्सर निर्दोष असणार असं वाटलं. या बेरिंगच्या एका बाजूच्या सीलमध्येच चुंबकीय पट्टी असते, सेन्सर ती वाचतो. बेरिंग उलटं बसवलं तर पट्टी बाहेर जाते आणि सेन्सरसमोर साधं सील येतं. दोन्ही बाजू उघडायच्या ठरल्या.

एक्सलचा नट चाक जमिनीवर असतानाच सैल करून घेतला, तो फिरू नये म्हणून ठोकून दाबलेली त्याची कॉलर आधी उचलून. ब्रेकचा कॅलिपर तारेने टांगला, ब्रेकच्या होजवर लटकवला नाही. स्ट्रटच्या (स्प्रिंग-शॉकचा खांब) बोल्टवर खुणा करून नकल, म्हणजे बेरिंग ज्यात बसतं तो भाग, काढलं. हब, म्हणजे चाक ज्यावर बसतं तो भाग, दाबून काढताना बेरिंगच्या आतल्या दोन रिंगांपैकी चाकाकडची हबवरच अडकून आली, नेहमी येते. ती पुलरने निघाली नाही, ग्राइंडरने अर्धवट चीर पाडून छिन्नीने तडकवली. चीर हबपर्यंत गेली तर हबही गेला.

उजव्या बेरिंगमधलं ग्रीस चहासारखं झालेलं. जुलैत गाडी तुंबलेल्या पाण्यातून काढली होती, हे काकांना तेव्हा आठवलं. गरम बेरिंग पाण्यात गेलं की एकदम गार होतं, आतली हवा आकसते आणि सीलच्या ओठातून पाणी आत ओढलं जातं. पुढचं काम गंज करतो.

डावं जास्त बघण्यासारखं होतं. नकलच्या कडेवर हातोडीचे ठसे. पट्टी बाहेरच्या बाजूला, अंदाज होता तसंच. बाहेरची रिंग कापून उजेडात धरली तर धावपट्टीवर गोळ्यांच्या अंतराने ओळीने बारीक खळगे. बेरिंग नकलमध्ये बसवताना दाब फक्त बाहेरच्या रिंगवर हवा. हब बसवताना आतल्या रिंगला खालून टेकू हवा. नाहीतर सगळा जोर गोळ्यांतून जातो आणि नवं बेरिंग बसवतानाच मरतं. हातोडीचं काम नाहीच ते, प्रेस (दाबाचं यंत्र) नसेल तर लेथवाल्याकडे न्यावं.

दोन्ही नवी बेरिंग प्रेसवर बसवली. आधी बारीक टाचणी लावून चुंबकाची बाजू तपासली, ती सेन्सरकडे, म्हणजे आत. बेरिंग अडकवून ठेवणारी सर्क्लिप खाचेत पूर्ण बसली की फिरवून बघितली. एक्सलचे नट नवे, टॉर्क पान्याने मॅन्युअलच्या आकड्यावर, आणि तोवर चाकावर गाडीचं वजन येऊ दिलं नाही. सैल नटावर गाडी जरा ढकलली तरी बेरिंगच्या आतल्या दोन रिंग एकमेकींपासून सरकतात. नट बोल्टगनने कधीच शेवटपर्यंत आवळायचा नाही.

दिवा कोड पुसल्यावर पुन्हा लागला नाही, जुन्याच सेन्सरवर चारही चाकं सारखी. टाय रॉड (स्टिअरिंगची चाकाकडे जाणारी दांडी) आणि स्ट्रट सुटले होते म्हणून अलाइनमेंट करून दिलं. पाम बीचवर ८०ला फक्त टायर आणि वारा.

कापलेली रिंग काकांनी वर्तमानपत्रात गुंडाळून मागितली. "आधीच्या मेकॅनिकला दाखवतो," म्हणाले. खळगे कुठे बघायचे ते मार्करने खूण करून दिलं.