क्रूझचं तिकीट: खोली स्वस्तातली, भाडं महागातलं

आमच्या दर्यापूर तालुक्याकडच्या माणसाला खारं पाणी नवं नाही. खारपाणपट्ट्यात विहिरीचं पाणी जिभेवर ठेवलं की कळतं. समुद्र मात्र मायनं कधी पाहिला नव्हता. नागपूरला नोकरीला असलेल्या मामेभावानं टूम काढली, की मुंबईहून गोवा, लक्षद्वीप करून परत येणारं मोठं जहाज असतं, जानेवारीत सगळे मिळून जाऊ. तिकिटं काढायचं काम न विचारताच माझ्या गळ्यात पडलं, कारण माझं ऑनलाइन सेवा केंद्र आहे. पीकविमा, उत्पन्नाचे दाखले, रेल्वेची तिकिटं, दिवसभर हेच चालतं. अटी-शर्ती शेवटपर्यंत वाचायची खोड त्यातूनच लागली.

जहाजाचा दर पहिल्यांदा पाहिला तेव्हा वाटलं, एवढ्यात तर आमचं सहज जमतंय. खाली गेल्यावर खरा हिशेब उलगडला. वर ठळक लिहिलेलं भाडं माणशी असतं आणि एका खोलीत दोघं धरून असतं. त्यावर बंदराचे आकार, कर्मचाऱ्यांसाठीचा सेवा आकार आणि कर चढतात. ‘३० टक्के सूट’ ही फक्त मूळ भाड्यावर असते, बाकीच्या आकारांना तिचा हात लागत नाही. ‘दुसऱ्या प्रवाशाला निम्मं भाडं’ म्हणजे दोघांत मिळून मूळ भाड्यात २५ टक्केच सूट. त्यामुळे मी सूट पाहायची सोडून दिली आणि पैसे भरायच्या आधीच्या शेवटच्या पानावर जो आकडा येतो, तोच प्रत्येक पर्यायाचा कागदावर मांडत गेलो.

कागदावर मांडल्यावर एक गोष्ट लक्षात आली. ‘स्वस्त’ आणि ‘प्रीमियम’ या दोन शब्दांत दोन वेगळ्या गोष्टी एकत्र बांधून विकतात. एक असते खोली: आतली बिनखिडकीची, खिडकीची, बाल्कनीची, नाहीतर ‘स्वीट’ म्हणतात ती ऐसपैस खोली. दुसरी असते भाड्याची अट: तारीख बदलता येते का, रद्द केलं तर काय हाती येतं, खोलीचा नंबर आपण निवडायचा की कंपनी देईल तो घ्यायचा. पान असं रचलेलं असतं, की स्वस्त खोलीसमोर आपसूक सेव्हर भाडं, म्हणजे कमी पैशाचं पण कडक अटींचं, निवडलेलं आणि बाल्कनीसमोर सगळ्या सवलतींचं. पण नीट शोधलं तर बिनखिडकीची खोलीही लवचीक, म्हणजे तारीख बदलू देणाऱ्या, भाड्यावर मिळते. मला तेच पाहिजे होतं.

मामेभाऊ फोनवर हसला. “दादा, बाल्कनी नसन तं समुद्रावर जाऊन काय फायदा?” मायचंही म्हणणं तसंच. “दिवस उगोला का मावळला समजनार नाही, ते खोली हाये का कोठार?” माझ्या बायकोनं एका वाक्यात निकाल लावला: “आपण खोलीत बसाले चाललो काय?”

खरा प्रश्न खोलीचा नव्हताच, तारखेचा होता. माझं केंद्र असलं तरी घरची शेती आहे, कापूस आणि तूर. जानेवारीत कापसाचा शेवटचा वेचा कधी संपेल हे मजूर मिळण्यावर. सीसीआयच्या, म्हणजे सरकारी कापूस महामंडळाच्या, खरेदी केंद्रावर नंबर लागला आणि ओलावा १२ टक्क्यांच्या वर निघाला तर गाडी परत आणून पुन्हा वाळवा. त्यातच तूर सोंगायला येते. ढग आले की थ्रेशरवाला ज्याच्या वावरात उभा असेल तिथलाच होऊन जातो. मामेभावाची रजा साहेबानं सही केली की पक्की. माझी रजा आभाळाच्या हातात. सेव्हर भाडं म्हणजे कन्फर्म तत्काळ तिकीट, रद्द केलं तर परतावा नाही. केंद्रावर लोकांची तत्काळ तिकिटं बुडताना मी रोज पाहतो.

लवचीक भाड्याला माणशी साडेतीन हजारांच्या आसपास जास्त पडत होते. एवढं देऊन नेमकं काय मिळतं, हे जाहिरातीवरून कळेना, म्हणून एजंटला फोन लावला आणि उत्तरं मेलवर लिहून मागितली. तारीख बदलली तर दंड नाही, हे खरं. पण नव्या तारखेचं भाडं जास्त असेल तर फरक आपण भरायचा. म्हणजे साध्या आठवड्यातून उचलून लांब शनिवार-रविवारच्या फेरीत नेलं, तर ‘मोफत बदल’ चांगलाच महाग पडतो. रद्द केलं तर रोख पैसे मिळत नाहीत, क्रेडिट नोट मिळते, म्हणजे तेवढी रक्कम त्याच कंपनीच्या पुढच्या बुकिंगला वापरायची, आणि तिला मुदत असते. क्रेडिट नोटेवर कोणी खत देत नाही, म्हणून तिला मी परतावा मानत नाही. सेव्हरमध्येही बंदराचे आकार परत मिळू शकतात का, हे वेगळं विचारावं लागतं. विचारलं नाही तर कोणी सांगत नाही.

वादळवाऱ्यानं एखादं बंदर गाळलं, तर मात्र दोन्ही भाडी सारखीच. लक्षद्वीपला एवढं मोठं जहाज धक्क्याला लागत नाही, दूर समुद्रात उभं राहतं आणि लहान बोटींतून माणसं बेटावर नेतात. लाटा जास्त असल्या तर उतरवत नाहीत. जास्त पैसे भरणाऱ्यालाही नाही.

सगळ्यात महागड्या भाड्यात पेयांचं पॅकेज, वायफाय आणि खास हॉटेलातलं एक जेवण जोडलेलं होतं. मायच्या गळ्यात तुळशीची माळ, मी निर्व्यसनी, बायकोला चहा पुरतो. मुख्य डायनिंग हॉलचं जेवण सगळ्यांच्याच भाड्यात असतं. तो पर्याय मी कागदावरून सरळ खोडला.

मायसाठी वेगळी खोली घ्यायची म्हटलं तर एकट्या माणसाला जवळपास दोघांचं भाडं पडत होतं. तिला आमच्याच खोलीत तिसरी म्हणून घातलं तर तिचं भाडं आमच्याहून कमी. त्यासाठी भिंतीतून खाली उघडणारी वरची बर्थ आणि तिला लावायची शिडी. कोण चढणार यावर घरी बरीच चर्चा झाली. शेवटी बायको चढली.

नंबर निवडायचे थोडे पैसेही मी दिले. कंपनी देईल ती खोली घेतली तर ती जहाजाच्या टोकाला किंवा नाचाच्या हॉलखाली येऊ शकते. मधल्या भागात आणि खालच्या मजल्यावर जहाज कमी डोलतं. एस.टी.त बसल्यावरही मायला मळमळतं, तिथं हे पैसे वाचवण्यात अर्थ नव्हता. खालचे मजले वरच्यांपेक्षा स्वस्त होते, तेवढा फायदा आपसूक झाला.

मामेभावानं बरोबर उलटं केलं: बाल्कनी, पण सेव्हर भाड्यावर. त्याच्या रजेच्या मानानं तेही बरोबरच होतं.

तूर वेळेवर निघाली. अकोल्याहून रात्रीची गाडी धरली, सकाळी सीएसएमटी. तिथून जहाज सुटतं तो बॅलार्ड पिअरचा धक्का टॅक्सीनं जवळच. बेटावर उतरताना मायनं लुगड्याचा ओचा कमरेला खोचला, खलाशाचा हात धरला आणि माझ्या आधी बोटीत पाय टाकला. खोलीत ती फक्त झोपायला यायची. बाकी वेळ डेकवरची एक खुर्ची तिनं आपली करून टाकली होती. मामेभावाच्या बाल्कनीत आम्ही दोनदा चहा प्यायलो. छान होती, खोटं कशाला बोलू.

तारीख बदलायची वेळ आली नाही. मामेभाऊ म्हणाला, “दादा, तुये तेवढे पैसे गेले ना?” गेले. पण डिसेंबरात थ्रेशरवाल्याशी तारीख ठरवताना जहाज चुकायची धास्ती माझ्या डोक्यात नव्हती, त्याचेच ते पैसे होते.

आता केंद्रावर कोणी क्रूझचं विचारायला आलं, की मी आधी विचारतो तारीख कोणाच्या हातात आहे. संत्र्याच्या बागवाल्याला एक सांगतो, नोकरीवाल्याला दुसरं. परवा एक गुरुजी आले होते. त्यांच्या सुट्ट्या परिपत्रकात छापून येतात. त्यांना सरळ सेव्हर काढून दिलं, तेही नंबर न निवडता. फक्त गुरुजींच्या सौभाग्यवतींचं आधारवर अजून माहेरचं नाव होतं आणि सेव्हरमध्ये नंतर नाव बदलू देत नाहीत, म्हणून बुकिंगही आधारवर होतं त्याच नावानं केलं.