नथीतला सातवा मोती

परदेशात मोती घ्यायचाय, बरोबर याल का, असं कोणी विचारलं की मी आधी एकच विचारतो: कशात बसवायचाय? नवा हार करायचा असेल तर सगळे बाजार मोकळे आहेत. जपानचा अकोया घ्या, चीनच्या गोड्या पाण्यातला घ्या, ताहितीचा काळा घ्या, ज्याची त्याची हौस. पण जुन्या दागिन्यातला मोती गळालाय आणि त्याला जोड हवी आहे, असं म्हटलं की आपली आवडनिवड घरी ठेवायची. उरलेल्या मोत्यांशेजारी जो शोभेल तोच घ्यायचा. तो मिळेपर्यंत हात हलवत परतायची तयारी लागते.

मी मुंबईत झवेरी बाजारात मोत्यांच्या निवडीचं काम करतो. घाट, पाणी म्हणजे चमक, रंग आणि वेज म्हणजे मोत्याचं भोक बघायचं आणि ढिगातून जोड्या लावायच्या. नैसर्गिक मोती आता समुद्रातून फारच थोडा येतो. आमच्याकडे फिरतो तो बहुतेक जुने दागिने उसवून निघालेला माल. त्या मालासाठी अधूनमधून बहारीनला, मनामाला जाणं होतं. अशाच एका फेरीत सांगलीच्या एका काकूंची नथ माझ्याकडे आली.

काकूंचा मुलगा मनामात नोकरीला. त्या त्याच्याकडे राहायला आल्या होत्या आणि येताना घरातली जुनी नथ घेऊन आल्या होत्या. मुलगा व्यवहाराला पक्का. निघताना मुंबई विमानतळावर कस्टमकडून नथीचं निर्यात प्रमाणपत्र करून घेतलं होतं. हे मी सगळ्यांनाच सांगतो. जुना दागिना बाहेर नेताना हा कागद केला नाही, तर परतताना तो आपलाच आहे हे सिद्ध करायची पाळी आपल्यावर येते. नथीत मोठे मोती सात. त्यांतला एक कधीतरी पडला, सापडला नाही. काकूंना नात लग्नात ती नथ घालणार होती म्हणून सातवा हवा होता, आणि तो बसराच हवा होता.

बसरा म्हणजे आखाती समुद्रातला नैसर्गिक मोती, आणि त्यासाठी बहारीन हे योग्य ठिकाण. या देशात कल्चर्ड, म्हणजे माणसाने शिंपल्यात मुद्दाम वाढवलेल्या, मोत्यांच्या व्यापाराला कायद्यानेच बंदी आहे. दुकानदाराने तो विकायला ठेवायचाच नाही. एकेकाळी हे बेट मोत्यांवर जगत होतं. उन्हाळ्यात होड्या निघायच्या, पाणबुडे नाकाला चिमटा लावून, पायाला दगड बांधून तळाशी जायचे, वरचा माणूस त्यांना दोरीने ओढून घ्यायचा. माल यायचा मुंबईत. अरब व्यापाऱ्यांची घरं आणि पेढ्या मुंबईत होत्या. तिथे मोती चाळले, विंधले, ओवले जायचे आणि पुढे पॅरिस-लंडनला जायचे. मग जपानी कल्चर्ड मोती आला, त्यावर 1929 ची जागतिक मंदी आली आणि हा धंदा बसला. 1932 साली बहारीनमध्ये तेल लागलं. मुहर्रक शहरात त्या काळातली घरं आणि वखारी अजून उभ्या आहेत. 2012 मध्ये युनेस्कोने त्यांना जागतिक वारशाच्या यादीत घेतलं. मोती घ्यायला मनामाला येणाऱ्याने अर्धा दिवस काढून तिथून चालून यावं. आपण पैसे कशाचे मोजतोय ते तिथे कळतं.

मी पोचायच्या आधीच मुलाला सांगितलं होतं की नथ 'दानात' या संस्थेला नेऊन द्या. मोती आणि रत्नं तपासणारी ही बहारीनची संस्था 2017 साली सुरू झाली. जोड लावायची तर आधी उरलेले सहा काय आहेत ते कागदावर हवं, एवढाच माझा हेतू होता. खरेदीच्या दिवशी सकाळी अहवाल घेऊनच आम्ही बाब अल बहारीनच्या, म्हणजे मनामाच्या जुन्या बाजाराच्या वेशीच्या, कमानीखाली भेटलो. काकू, मुलगा आणि सूनबाई.

अहवाल मी उभ्या उभ्याच वाचला, मग पुन्हा वाचला. पाच मोती नैसर्गिक, खाऱ्या पाण्यातले. नाकात अडकवायच्या आकड्याकडून तिसरा मोती कल्चर्ड, आत मणी घालून वाढवलेला.

नथ हातात घेतली. भिंग लावलं. सहाही मोत्यांवर तीच जुनी पिवळसर गुलाबी झाक, तोच किंचित चपटा बटण घाट, पाणीही जवळपास सारखं. ज्याने कोणी तो तिसरा मोती निवडला होता त्याची नजर फार तयार होती. काकूंनी विचारलं, "तुम्हाला दिसतोय का फरक?" मी म्हटलं, "नाही काकू. हा फरक डोळ्यांना दिसत नाही."

हे मी आवर्जून सांगतो, कारण बाजारात याबद्दल फार गैरसमज आहेत. दातावर घासून बघा म्हणतात. घासल्यावर खरखरीत लागला तर तो काचेचा किंवा प्लास्टिकचा नाही, एवढंच त्यातून कळतं. कल्चर्ड मोतीही तसाच खरखरीत लागतो, कारण त्याचा वरचा थर शिंपल्यानेच तयार केलेला असतो. फरक आत असतो. नैसर्गिक मोत्याचं एक्स-रे चित्र काढलं तर कांद्यासारखे एकात एक पापुद्रे दिसतात. मणी घातलेल्या मोत्यात मधोमध शिंपल्याचा गोल मणी आणि त्याभोवती थर. तीस वर्षं मोती चाळणाऱ्या माणसानेही इथे आपली नजर बाजूला ठेवून चित्र मागावं, असं माझं ठाम मत आहे.

काकू काही वेळ बोलल्या नाहीत. मग त्यांनी विचारलं, "हे मोती कधीपासून निघाले?" मिकिमोतो नावाच्या उद्योजकाने जपानमध्ये पहिला अर्धगोल कल्चर्ड मोती 1893 साली तयार केला, पण पूर्ण गोल मोती बाजारात दिसू लागले ते 1920 च्या आसपास, असं मी सांगितलं. नथ त्याहून जुनी. म्हणजे तिसरा मोती नंतर कधीतरी बदललेला. काकूंनी मनातल्या मनात हिशेब केला. "यांचं मेडिकलचं पहिलं वर्ष," त्या म्हणाल्या. "सासूबाईंनी त्या वर्षी नथ घातली नव्हती. दुरुस्तीला टाकलीये म्हणायच्या." मुलाने हे पहिल्यांदाच ऐकलं असावं. तो आईकडे बघतच राहिला.

सूकमध्ये शिरलो. मनामाच्या या बाजारात दोनशे वर्षांचं श्रीनाथजींचं मंदिर आहे, सिंधकडून आलेल्या व्यापाऱ्यांनी बांधलेलं. काकूंनी आधी तिथे हात जोडले. मग मी ज्यांच्याशी व्यवहार करतो त्या म्हाताऱ्या व्यापाऱ्याकडे गेलो. त्यांचे आजोबा मोसम संपला की मुंबईला जायचे. हे स्वतः हिंदुस्तानी उत्तम बोलतात आणि लहानपणी इथे रुपया चालायचा हे आठवणीने सांगतात. 1965 मध्ये दिनार आला, तोवर चालत होता.

त्यांना अहवाल दाखवला. लपवून काही उपयोग नव्हता आणि लपवायचंही नव्हतं. त्यांनी वाचला, नथ हातात घेतली आणि मोत्यांच्या ताटापासून लांब, वेगळ्या कापडावर ठेवली. तो तिसरा मोती सुटून आपल्या मालात चुकूनही मिसळू नये, एवढीच काळजी. कॉफी आली, खजूर आले. मग लाल कापडाच्या पुरचुंड्या सुटू लागल्या.

निवड इथून सुरू झाली. लाल कापडावर मोती खुलतो, तसा तो मांडणं हा दुकानदाराचा हक्क आहे. पण बघणाऱ्याने पांढरा कागद मागावा. दुकानातल्या पिवळ्या दिव्याखाली प्रत्येक मोती साजरा दिसतो. मी कागदावर पंधरा-वीस मोती घेतले आणि दाराशी, सावलीतल्या उजेडात गेलो. ऊन थेट पडता कामा नये. पाणी बघायचं तर मोत्यावर दाराची चौकट किती रेखीव उमटते ते बघायचं. रंग बघायचा तर मोती फिरवायचा, कारण एका बाजूला गुलाबी असलेला दुसऱ्या बाजूला हिरवट निघतो. नथीला आणखी एक अडचण. तिचे मोती वर्षानुवर्षं घाम, पावडर, कुंकू सोसून मुरलेले असतात. शेजारी नवाकोरा पांढरा मोती बसवला तर तो ठिगळासारखा दिसेल. म्हणून मी म्हाताऱ्यांना म्हटलं, जुन्या दागिन्यातला माल काढा. त्यांनी मान हलवली, आतून वेगळी पुरचुंडी आणली.

चाळण्या निघाल्या, पितळेच्या, भोकांच्या मापाने एकात एक बसणाऱ्या. साडेपाच मिलिमीटरच्या आसपासचे वेगळे केले. त्यांतून घाट जुळणारे आठ. रंग जुळणारे तीन. एकाची वेज रुंद झालेली, तारेवर हलला असता. दुसऱ्याच्या अंगावर बारीक चीर. उरला एक.

काकूंनी तो चिमट्यात धरून नथीशेजारी बराच वेळ बघितला. मग त्या म्हणाल्या, "हा घरचा वाटतो." माझंही तेच मत होतं.

भावासाठी म्हाताऱ्यांनी चव काढली. ही मोत्याची जुनी रीत मुंबईला आणि आखातात एकच चालत आलेली. कॅरटमधलं वजन त्याच वजनाने गुणायचं, आलेल्या आकड्याला 0.65 ने गुणायचं, मोती अनेक असतील तर नगांनी भागायचं. सव्वा कॅरटचा एक मोती साधारण एक चव भरतो, अडीच कॅरटचा चार चव. वजन दुप्पट, चव चौपट, आणि भाव चवीवर. ज्याला हे माहीत नाही त्याला थोडा मोठा मोती इतका महाग का, हे कळत नाही आणि तो लुबाडला गेल्यासारखं वाटून घेतो. आमचा मोती जेमतेम एक चव होता. पूर्वी भाव रुमालाखाली बोटं दाबून ठरायचा, बघणाऱ्याला कळू नये म्हणून. आम्ही कॅल्क्युलेटरवर ठरवला. दोनदा तो माझ्याकडून त्यांच्याकडे गेला, तिसऱ्यांदा मान्य झाला.

सूनबाईंच्या गळ्यात मोत्यांचा सर होता, बीजिंगच्या होंगचिआओ बाजारातून, टेंपल ऑफ हेवनच्या समोरून घेतलेला. हे सगळं बघून त्यांनी तो काढून पर्समध्ये ठेवायला घेतला. मी त्यांना थांबवलं. तो गोड्या पाण्यातला कल्चर्ड मोती, विकणाऱ्याने तसंच सांगून विकलेला, सर नीट जुळवलेला, पाणी छान. एका शिंपल्यात असे कितीतरी मोती एकदम वाढवता येतात, म्हणून तो परवडतो. रोज घालायला त्याच्याइतका चांगला दागिना नाही. खरं नाव सांगून, खऱ्या भावाने विकलेल्या मोत्यात कमीपणा कसला?

मग प्रश्न तिसऱ्याचा. मुलगा म्हणाला, आता आलोच आहोत तर तोही बदलून टाकू, सगळी नथ बसऱ्याची होईल. पैशाची त्याला अडचण नव्हती. धंद्याच्या दृष्टीने मलाही ते पटलं. पुरचुंडी अजून उघडीच होती. काकू म्हणाल्या, "नको. त्या मोत्याच्या जागचा मोती विकून तुझे बाबा डॉक्टर झाले. सासूबाईंनी बसवलाय, तो राहू दे." म्हाताऱ्यांना मी हे हिंदीत सांगितलं. त्यांनी काकूंना सलाम केला आणि पुरचुंडीची गाठ मारली.

विकत घेतलेला मोती आधी दानातला दिला. दुकानदार कितीही विश्वासाचा असला तरी कागद झाल्यावरच शेवटचे पैसे, हे त्यांच्या-माझ्यात ठरलेलंच आहे. अहवाल आला: नैसर्गिक, खाऱ्या पाण्यातला. बिलावर वजन, माप आणि अहवालाचा क्रमांक लिहून घेतला. परतताना हे बिल कस्टमला दाखवायचं, मोती नथीत आधीच होता असं सांगायचं नाही, हे मुलाला बजावलं. बसवताना सोनाराने वेज वाढवायची नाही, तारच बारीक घ्यायची, हेही सांगलीच्या सोनाराला फोन करून सांगितलं.

काकूंनी शेवटी एक काम लावलं. नातीसाठी मराठीत चिठ्ठी लिहून द्या, म्हणाल्या. मी लिहिलं: मोठे मोती सात. आकड्याकडून तिसरा कल्चर्ड, पणजीबाईंनी बसवलेला. सहावा बहारीनहून आजीने आणलेला. बाकीचे पाच मूळचे. अत्तर आणि पावडर लावून झाल्यावर नथ घालावी, काढल्यावर मऊ सुती कापडाने पुसावी, प्लास्टिकच्या पिशवीत ठेवू नये. खाली दोन्ही अहवालांचे क्रमांक लिहिले आणि सही केली.