कॉनीबेअरच्या घरची माणसं

"मॅडम, तळं कळलं, धरण कळलं. पण त्या साहेबाचे बाप, भाऊ, पुतणे कशाला पाठ करून ठेवलेत तुम्ही?"

निवृत्त झाल्यापासून शाळा-कॉलेजांत मुंबईच्या पाण्यावर बोलायला जाते, आणि एक आड एक कार्यक्रमात हा प्रश्न येतोच. तिथे घंटा झालेली असते, चहा आलेला असतो, म्हणून हसून वेळ मारून नेते. आज तुम्ही निवांतपणे विचारलंत म्हणून निवांतपणे सांगते.

साहेब म्हणजे हेन्री कॉनीबेअर. मुंबईचा विहार तलाव त्याच्या आराखड्यावर झाला. त्याआधी शहराची सगळी भिस्त विहिरी आणि तळ्यांवर होती. १८५४ च्या उन्हाळ्यात त्या इतक्या आटल्या, की गुरंढोरं शहराबाहेर माहीमकडे हाकलली आणि होड्यांतून, नुकत्याच सुरू झालेल्या आगगाडीतून पाणी आणून विहिरींत ओतलं. कॉनीबेअर तेव्हा शहराच्या साफसफाईच्या मंडळाचा इंजिनीअर. मुंबईची घाण, गटारं आणि पाणी यावर १८५२ मध्ये त्याचा एक अहवाल आलेला होता. १८५६ मध्ये मिठी नदीच्या खोऱ्यात काम सुरू झालं आणि १८६० मध्ये पाणी शहरात पोचलं. तिथे विहार नावाचं गाव होतं. ते पाण्याखाली गेलं, नाव तेवढं वर तरंगत राहिलं. मुख्य धरण मातीचं, ८४ फूट उंच. ३२ इंची लोखंडी नळ आणि निव्वळ उतार, पंप नाही. आज शहराच्या रोजच्या पाण्यात विहारचा वाटा चिमूटभर, ९० दशलक्ष लिटरच्या आसपास, पण तो अजून आहे. "विहार भरून वाहू लागला" ही बातमी दर पावसाळ्यात येते, आणि मला दर वेळी माहेरची खुशाली कळल्यासारखं वाटतं.

आता बाप.

विल्यम डॅनियल कॉनीबेअर हे धर्मगुरू. वेल्समधल्या सली नावाच्या गावात, मग डेव्हनमधल्या ॲक्समिन्स्टरला, आणि शेवटी लँडाफ कॅथीड्रलचे डीन. पण जीव खडकांत. इंग्लंडच्या भूशास्त्रावर १८२२ मध्ये निघालेल्या एका मोठ्या ग्रंथाचे ते एक कर्ते. दगडी कोळशाच्या थरांच्या काळाला 'कार्बोनिफेरस' हे नाव मिळालं ते त्यातून. समुद्रातल्या लांब मानेच्या प्राण्याला, प्लेसिओसॉरसला, नाव देणाऱ्यांतही ते होते. १८२३ च्या डिसेंबरात लाइम रीजिसच्या किनाऱ्यावर मेरी ॲनिंग नावाच्या बाईनं त्याचा जवळजवळ अख्खा सांगाडा खोदून काढला. तो लंडनला भूशास्त्र संस्थेत आणला, तर जिन्यातून वर चढेना! खालच्या दारापाशीच राहिला. वरच्या दिवाणखान्यात विल्यमसाहेबांनी १८२४ च्या फेब्रुवारीत त्यावर व्याख्यान दिलं, आणि खोदणाऱ्या बाईचं नाव काही घेतलं नाही. मी त्यांची कितीही भक्त असले तरी हे त्यांच्या खात्यात लिहून ठेवलं आहे. लेकाच्या धरणावर टोपल्या वाहणाऱ्यांची नावं तरी कोणी घेतली?

पण ज्या गोष्टीसाठी मी या घराच्या नादी लागले, ती १८३९ च्या नाताळातली. ॲक्समिन्स्टरपासून काही मैलांवर बिंडन म्हणून ठिकाण आहे. तिथे समुद्रकाठची शेतं एका रात्रीत फाटली. जमिनीचा प्रचंड तुकडा वरच्या पिकासकट सुटून समुद्राकडे सरकला आणि मागे भलीमोठी दरी पडली. पुढच्या ऑगस्टात त्या सुटलेल्या तुकड्यावरचा गहू कापायचा होता, तर बघ्यांची जत्रा भरली. विल्यमसाहेब मात्र आपले भूशास्त्रज्ञ मित्र बकलंड यांना घेऊन थर तपासत हिंडले. वर खडू आणि वाळूचे थर, खाली चिकणमाती. ते वर्ष ओलं गेलेलं. पाणी वरून झिरपत आलं, चिकणमातीनं त्याला खाली जाऊ दिलं नाही, मग मधली वाळू फुगून रबडी झाली आणि वरचं सगळं ओझं तिच्यावरून घसरलं. भूकंप-बिकंप काही नाही, पाण्याचं काम. एखाद्या दरडीचं इतकं शिस्तीत वर्णन त्याआधी क्वचितच झालं असेल.

हेन्री तेव्हा सोळाच्या आसपास. पुढे सतरा वर्षांनी हाच मुलगा मिठीच्या खोऱ्यात मातीचं धरण घालतो. मातीच्या धरणाचं सगळं मर्म पोटातल्या चिकणमातीत असतं. पाणी घालून, तुडवून तुडवून ती लोण्यासारखी करायची आणि भिंतीच्या मधोमध, पायातल्या खंदकापासून वरपर्यंत तिचा पडदा उभा करायचा. आमच्याकडे आता त्याला हार्टिंग म्हणतात, बाहेरच्या मुरमाड मातीला केसिंग. बिंडनला ज्या मातीनं पाणी अडवून शेतं बुडवली, तिलाच इथे पाणी अडवायच्या कामाला लावलं. बापाच्या जेवणाच्या टेबलावर लेकानं हे ऐकलं असेल, हा माझा अंदाज. कागद नाही. पण मला त्याची खात्री वाटते, आणि ती का वाटते ते सांगायला माझं घर मध्ये आणावं लागेल.

माझे वडील पाटबंधाऱ्याच्या कामांवर मुकादम होते. शिक्षण चौथी. बरोच्या खड्ड्यातून, म्हणजे जिथून धरणाला माती काढतात तिथून, ट्रक आला की चिमूटभर माती तळहातावर घ्यायचे, थुंकी लावायचे आणि दोन्ही तळव्यांत वळायचे. आई शेवयांचं पीठ वळते तसं. वळी लांब गेली की ट्रक आत. मध्येच तुटली की म्हणायचे, "केसिंगला टाक." मी लहानपणी त्यांच्या शेजारी बसून वळ्या केल्या आहेत. मग डिप्लोमा झाला, मातीपरीक्षण प्रयोगशाळेत नोकरी लागली. पहिल्याच आठवड्यात साहेबांनी काचेच्या पट्टीवर माती वळायला दिली: ३ मिलिमीटर जाडीची वळी होऊन ती तडकायला लागली की थांबायचं, ओलावा मोजायचा. हीच प्लास्टिक लिमिट, म्हणजे माती न तडकता वळता येईल इतका कमीत कमी ओलावा. घरी येऊन वडिलांना सांगितलं, तर ते इतके हसले की ठसका लागला. म्हणाले, "म्हणजे माझ्या थुंकीला सरकारनं आयएस कोड दिला तर!" दिलाच होता. भारतीय मानकांतला आयएस २७२०, भाग ५.

विहारबद्दल सगळं वाचून झाल्यावर मी त्यांना उत्साहानं सांगितलं, कोणी बांधलं, कधी, किती फूट. सगळं ऐकून घेऊन त्यांनी एवढंच विचारलं, "हार्टिंगची माती कुठली होती?"

तर असं आहे. बाप माती वाचत असेल तर लेकरू वाचतंच. म्हणून मी साहेबाच्या बापाचं नाव पाठ केलं. बाकीचे एकेक मागून आपोआप आले.

कारण घरच तसलं. थोरला भाऊ विल्यम जॉन, संत पॉलच्या चरित्राचा एक लेखक. एक भाऊ चार्ल्स, हॅम्पशरमधल्या इचन स्टोक गावचा धर्मगुरू. विहारचं काम ऐन भरात असताना, १८५७ च्या जुलैत विल्यम जॉन गेला आणि ऑगस्टात त्याच्या पाठोपाठ वडील गेले, चार्ल्सच्या गावीच. पुढे १८६६ मध्ये त्या गावात नवीन चर्च झालं, ते हेन्रीच्या आराखड्यावर. नमुना पॅरिसच्या सेंत शापेलचा, म्हणजे तिथल्या जुन्या राजवाड्यातल्या चर्चचा. खेडेगाव एवढंसं आणि खिडक्या राजवाड्याच्या. त्या चर्चकडे मी भावानं भावाला दिलेली भेट म्हणूनच पाहते.

हेन्रीला चर्च नवीन नव्हतं. कुलाब्याचं अफगाण चर्च त्याचंच. पहिल्या अफगाण युद्धात मेलेल्यांच्या स्मरणार्थ १८४७ मध्ये पायाभरणी झाली तेव्हा त्याचं वय जेमतेम चोवीस. इंग्लंडहून आलेला आधीचा आराखडा परवडेना म्हणून याचा घेतला. तिथे गेलात तर मान वर करून सगळेच बघतात, तुम्ही खाली बघा. बाकांना खाचा आहेत, शिपायांच्या बंदुका टेकवायला. त्या त्याच्या नंतरच्या काळातल्या, पण बोटं फिरवून बघाव्यात अशा.

पुतण्यांचं सांगते आणि मग थांबते. जॉन चार्ल्स या वकील भावाचे दोन मुलगे. एक पार्लमेंटात निवडून गेला आणि आयर्लंडमधल्या कुळांची बाजू घेतली म्हणून १८८९ मध्ये डेरीच्या तुरुंगात बसला. दुसरा फ्रेडरिक, ऑक्सफर्डचा, आर्मेनियन भाषेचा पंडित. त्याची पहिली बायको मेरी ही आपल्या मॅक्सम्युलरची मुलगी. ऋग्वेदवाला मॅक्सम्युलर! म्हणजे विहारच्या इंजिनीअरचा पुतण्या मॅक्सम्युलरचा जावई. हे सांगितलं की सभागृहात मागच्या रांगेतलेही जागे होतात. विहारच्या कपॅसिटीनं हे कधी झालेलं नाही.

मुंबईनंतर हेन्री वेल्समधल्या ब्रेकन आणि मर्थर रेल्वेचा इंजिनीअर झाला, म्हणजे बापाच्याच मुलखात परतला. तिथला केवन कोएडचा पूल, १५ कमानी, सुमारे ११५ फूट उंच, १८६६ चा, यानं आणि अलेक्झांडर सदरलंडनं मिळून केला. सगळा दगडाचा व्हायचा होता, पण गवंड्यांनी संप केला, म्हणून कमानींची पोटं विटांची आहेत. आगगाडी केव्हाच बंद झाली. आता त्यावरून लोक सायकली चालवतात.

माझी भाची कार्डिफला असते. मी मागे लागले म्हणून गेल्या वर्षी ती तिथे जाऊन आली आणि खालून काढलेला फोटो पाठवला. मी तो बोटांनी मोठा करून पाहिला. विटांचे थर अजून सरळ, पण एका कमानीत पांढरे ओघळ दिसले. चुना बाहेर येतोय, म्हणजे वरून पाणी मुरतंय. तिला लगेच लिहिलं, "तिसऱ्या कमानीत ओल आहे का बघ, हात लावून."

तिचं उत्तर आलं, "मावशी, पाऊस पडतोय. इथे सगळीकडेच ओल आहे."