गडचिरोली ते दिल्ली
आज गावातल्या आशा सेविका ताईंसोबत गृहभेटीला गेले होते. बाळ सात दिवसांचं. ताईंनी हात धुतले, ताप बघितला, झोळीत घालून वजन केलं, मग मिनिटभर बाळाचे श्वास मोजले.

ही पद्धत गडचिरोलीची. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ या संस्थेने ३९ गावांत तिथल्याच बायकांना ती शिकवली आणि नवजात बालमृत्यू सुमारे ६२ टक्क्यांनी घटले. १९९९ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाने ते छापलं. तरी अशा गृहभेटींची सरकारी योजना देशभर आली २०११ मध्ये! त्याआधी ‘अंकुर’ प्रकल्पातून राज्यात आणखी सात ठिकाणी ते करून दाखवावं लागलं. सरकारला हलवायचं तर नुसता शोधनिबंध पुरत नाही, हे मला मनापासून पटलंय. माझ्या अभ्यासाचे निष्कर्ष मी आधी जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांपुढे मांडणार आहे, मराठीत.