तीर्थनच्या काठी: माश्या उडेनात तेव्हा ट्राउट कुठे शोधायची?

कुल्लूचा महामार्ग औटच्या बोगद्याजवळ सोडला की लारजीवरून बंजारचा रस्ता लागतो. तिथून गुशैणीपर्यंत तीर्थन नदी अधूनमधून भेटत राहते. एप्रिल सरत आला होता, वर ग्रेट हिमालयन नॅशनल पार्कच्या डोंगरांवर बर्फ वितळत होता, आणि हाती फ्लाय रॉड होता, म्हणजे नकली माशी लावून मासे धरायची काठी. ट्राउट ही मासळी इथली मूळची नाही. इंग्रजांनी ती आधी काश्मीरात आणली, मग १९०९ च्या सुमारास कुल्लूत. आता ब्राउन ट्राउट या नदीत चांगलीच रुळली आहे.

फ्लाय फिशिंग म्हटलं की बहुतेकांच्या डोळ्यांसमोर हॅच येतो. म्हणजे पाण्यातले किडे एकाच वेळी पंख फुटून वर येतात, ट्राउट पृष्ठभागावर तोंड काढून ते टिपते, आणि आपण तशीच नकली माशी अलगद पाण्यावर ठेवायची. वसंतातल्या तीर्थनवर या हॅचचा काही भरवसा नाही. सकाळी पाणी नितळ असतं, पण इतकं गार की किडे हलत नाहीत. दुपारी ऊन चढतं, हवा उबदार होते, आणि नेमकं तेव्हाच वरच्या बर्फाचं पाणी येऊन पोहोचतं. नदी फुगते, गढूळ होते. एखाद्या ढगाळ दुपारी चार-दोन मेफ्लाय (पाण्यात वाढणारे नाजूक पंखांचे किडे) उडतात आणि तेवढ्यावरच थांबतं.

मी पाण्याकडे टक लावून उभा होतो. गुशैणीचे एक वयस्कर गृहस्थ, ज्यांचं बालपण याच काठावर गेलं, म्हणाले, "ऊपर क्या देखते हो जी, पत्थर पलटो."

गुडघाभर पाण्यातून थाळीएवढा दगड उचलून उलटा केला. तीन शेपट्यांच्या चपट्या मेफ्लायच्या अळ्या उजेड पडताच दगडाच्या सावलीतल्या कडेला पळाल्या. त्यांच्या पोटाच्या दोन्ही बाजूंना पिसांसारखे कल्ले थरथरत होते. शेजारी वाळूचे कण चिकटवून केलेली कॅडिस किड्याच्या अळ्यांची इवलीशी घरटी, आणि एका खाचेत दोन शेपट्यांची स्टोनफ्लाय किड्याची अळी. म्हणजे खाणं भरपूर होतं, फक्त पृष्ठभागावर नव्हतं. ट्राउट एरवीही बहुतेक पोट पाण्याखालीच भरते.

मग सुकी माशी, म्हणजे पाण्यावर तरंगणारी नकली माशी, डबीत गेली आणि टंगस्टनच्या जड मण्याची फेझंट टेल निंफ, म्हणजे अळीसारखी दिसणारी बुडणारी माशी, बाहेर आली. अशा वेळी माशीच्या रंगापेक्षा वजन महत्त्वाचं, हे माझं ठाम मत आहे. ती तळाशी पोहोचली नाही तर बाकी सगळं फुकट. लांब फेकायचं नाही. दोन-तीन पावलांवरच्या धोंड्यामागे टाकायची, रॉड उंच धरून लाइन पाण्यावरून उचलून घ्यायची आणि निंफ धारेच्या वेगाने वाहू द्यायची. लीडर, म्हणजे लाइनच्या टोकाचा बारीक धागा, क्षणभर जरी अडखळला तरी मासा लागला असं समजून लगेच रॉड उचलायचा. बहुतेक वेळा दगडच असतो.

जागा ओळखण्यातच खरी गंमत आहे. वेगवान धार आणि संथ पाणी जिथे एकमेकांना घासून जातात त्या रेषेवर ट्राउट उभी असते: फारशी ताकद खर्च न करता धारेतून येईल ते उचलायचं. दुपारी नदी चढली की ती मधली जागा सोडून काठाला सरकते, अगदी आपण पाय टाकणार तिथे. म्हणून पाण्यात उतरण्याआधी काठ चाळून घ्यावा. मला पहिली मिळाली ती अशीच, काठच्या मुळांखाली. फिकट कडा असलेले लाल ठिपके, पोट लोण्याच्या रंगाचं. हात ओले करून, तिला पाण्यातच ठेवून, टोकाला उलटा काटा नसलेला गळ सोडवला. गेली सरळ मुळांखालीच.

या दगडांखालचं जग टिकलं आहे त्याला कारण आहे. तीर्थनवर जलविद्युत प्रकल्प येणार होते. माजी आमदार दिलाराम शबाब आणि खोऱ्यातली माणसं कोर्टापर्यंत लढली, म्हणून ही नदी मोकळी राहिली. शेजारच्या सैंजवर प्रकल्प झाले. धरणातून पाणी कधी सोडायचं, कधी अडवायचं हे विजेच्या मागणीवर ठरू लागलं की दगडाला चिकटून जगणाऱ्या किड्यांचे हाल होतात, आणि त्यांच्यामागोमाग माशांचे. ही लढाई गळाने मासे धरणाऱ्या प्रत्येक अँगलरला माहीत असायला हवी असं मला मनापासून वाटतं.

जाणार असाल तर मत्स्यविभागाचा परवाना काढा. १ नोव्हेंबर ते फेब्रुवारीअखेर ट्राउट पकडायला बंदी असते, तो तिच्या विणीचा काळ. मला आता पावसाळा सरल्यावर जायचं आहे. तेव्हा काठच्या गवतातले नाकतोडे वाऱ्याने पाण्यात पडतात, आणि हॅच नसला तरी ट्राउट त्यांच्यासाठी वर येते.