मामांच्या तळहातावरचा टकाचोर

वर्धा ते नागपूर गाडीनं तासा-सव्वा तासाचं. पण सकाळच्या गाडीनं जाऊन नागपूरच्या मामांच्या तळहातावर येणाऱ्या टकाचोर पक्ष्याचा फोटो मिळत नाही, हे डिसेंबरातल्या पहिल्या फेरीतच कळलं. मी पोहोचेपर्यंत साडेआठ वाजले होते. मामा अंगणात पेपर वाचत होते आणि टकाचोर येऊन, खाऊन गेलेला होता. नऊला तो पुन्हा आला, समोरच्या कडुनिंबावर बसला, माझ्या हातातल्या मोठ्या लेन्सकडे मान वाकडी करून पाहिलं आणि निघून गेला.

मामा म्हणाले, "पोरी, तो माणसाले भेत नाही. तुझ्या त्या काळ्या नळीले भेते."

म्हणून जानेवारीत आदल्या संध्याकाळीच मुक्कामाला गेले. तुम्हीही कुणाच्या अंगणात असा फोटो काढायला जाणार असाल तर रात्रीच जाऊन राहा. नागपूर स्टेशनवरून मेट्रोची अ‍ॅक्वा लाइन थेट सुभाषनगरला नेते, सीताबर्डीला गाडी बदलावी लागत नाही. मामांचं घर तिथून चालत दहा मिनिटांवर, अंबाझरीच्या बाजूला. थंडी चांगलीच होती. सकाळी पावणेसातपर्यंत उजाडत नव्हतं.

टकाचोर म्हणजे कावळ्याच्याच कुळातला पक्षी. डोकं नि मान काळपट, अंग तांबूस, पंखावर राखी-पांढरा पट्टा आणि लांबच लांब राखाडी शेपूट, तिचं टोक काळं. शेपटीसकट दीड फुटाच्या आसपास भरतो. आवाज कधी कर्कश, तर कधी इतका गोड की वेगळाच पक्षी वाटावा. झाडाझुडपांच्या वस्तीत तो सर्रास दिसतो. हातावर येतो ते मात्र मामांच्या धीरामुळे, आणि त्याला दोन हिवाळे लागले आहेत. आधी दाणा कुंपणाच्या भिंतीवर ठेवायचा आणि स्वतः घरात जायचं. मग त्याच वेळी, त्याच शर्टात, दाराशी बसायचं. मग खुर्ची रोज थोडी भिंतीकडे सरकवायची. एक दिवस दाणा भिंतीऐवजी हातावर. मामांनी त्याला कधी धरायचा प्रयत्न केला नाही, की मागून हात फिरवला नाही. फोटो माझ्या कॅमेऱ्यात असला तरी त्यातलं खरं काम हे आहे, आणि ते मी पोहोचायच्या कितीतरी आधी झालेलं होतं.

या वेळी मी मोठी लेन्स बॅगेतच ठेवली आणि ७०-२०० मिलिमीटरची झूम लेन्स घेतली. आदल्या संध्याकाळी ओट्यावरच्या तुळशीवृंदावनाआड, मामांच्या खुर्चीपासून पाच मीटरवर स्टूल मांडून ठेवलं. ते रात्रभर तिथंच राहू दिलं. सकाळी मामींची करड्या रंगाची शाल पांघरून सव्वासहालाच जाऊन बसले. तो येण्याआधी आपण जागेवर असणं फार महत्त्वाचं आहे. तो आल्यावर आपण अंगणात शिरलो तर आपण परके, आपण आधीपासून बसलेले असू तर अंगणातलीच एक वस्तू.

आता तांत्रिक भाग, कारण इथेच माझे सुरुवातीचे फोटो वाया गेले. पाच मीटरवरून २०० मिलिमीटरला, अ‍ॅपर्चर म्हणजे लेन्सचं छिद्र एफ ५.६ ठेवलं, तर फुल फ्रेम म्हणजे मोठ्या सेन्सरच्या कॅमेऱ्यात जेमतेम वीस सेंटीमीटर खोलीच स्पष्ट येते. लहान सेन्सरवर त्याहूनही कमी. पक्षी तुमच्याकडे तोंड करून बसला की डोळा स्पष्ट आणि शेपूट धूसर. टकाचोराचं तर निम्मं सौंदर्य शेपटीत. म्हणून मामांना खुर्ची आडवी फिरवायला सांगितली. हात माझ्या डावीकडून उजवीकडे पसरलेला, म्हणजे पक्षी एका कुशीनं दिसतो आणि चोचीपासून शेपटापर्यंत सगळा एका प्रतलात येतो. कोपर खुर्चीच्या हातावर टेकवलेलं, त्यामुळे हात थरथरत नाही. मामांच्या अंगठ्याच्या नखावर फोकस केला आणि मॅन्युअलवर टाकून कुलूपबंद केला. ऑटोफोकसवर विसंबले असते तर फडफडत्या पंखामागं तो भरकटला असता.

शटरचा वेग १/१६०० सेकंद. सावलीत एवढ्या वेगासाठी आयएसओ, म्हणजे सेन्सरची प्रकाशाबद्दलची संवेदनशीलता, ६४०० पर्यंत गेला, पण दाणेदार फोटो परवडतो, हललेला नाही. ऊन अंगणात उतरायच्या आत काम उरका. ऊन थेट तळहातावर पडलं की कातडी पांढरी फटक होते आणि पक्ष्याचं काळं डोकं नुसता डाग दिसतं. नि:शब्द शटरचा मोह मलाही झाला होता. त्यात उतरताना पंखांची टोकं वाकडी येतात, हे पहिल्या तीन फोटोंतच दिसलं. शेवटी साधं शटर ठेवलं आणि पक्षी येण्याआधी दहा मिनिटं रिकामंच वाजवत राहिले. त्याला त्या आवाजाची सवय झाली असावी, दचकला नाही.

सात वाजून अठरा मिनिटांनी आला. आधी खुर्चीच्या पाठीवर. मामा हलले नाहीत, पापणीसुद्धा नाही. मग एक टुण्णकन उडी आणि तो बोटांवर. दोन सेकंद. त्या दोन सेकंदांत त्यानं एक शेंगदाणा बाजूला सारून दुसरा निवडला. मी अकरा फोटो काढले, त्यातले दोन ठेवले. दाणा त्यानं खाल्लाच नाही, शेजारच्या घराच्या पत्र्याखाली खोचून आला. परत आला तेव्हा मी कॅमेरा मांडीवर ठेवून नुसतं पाहिलं.

खायला काय द्यायचं? बिनमिठाचे, रात्रभर भिजवून अर्धे केलेले शेंगदाणे, पिकलेल्या पपईचा तुकडा. शेव, फरसाण, ब्रेड, पोहे यातलं काहीही नाही. मामींनी माझ्यासाठी तर्री-पोहे केले होते, त्यातले चार दाणे त्याला टाकावेत असं वाटलं, पण मामांनी डोळ्यांनीच दटावलं. प्रमाण म्हणाल तर दिवसाला सात-आठ दाणे. उरलेलं पोट त्यानं किड्यांवर नि फळांवरच भरायला हवं. आधी आणि नंतर साबणानं हात धुवायचे.

एक गोष्ट मला आधी ठाऊक नव्हती. फेब्रुवारी संपता संपता मामा हातावर दाणा देणं बंद करतात. त्यांच्या मधुमालतीत बुलबुल घरटं करतात, आणि टकाचोर दुसऱ्यांची अंडी-पिल्लं पळवतो. आपण बोलावून त्याला दारात बसवायचं आणि मग बुलबुलाच्या अंड्यांसाठी हळहळायचं, हे त्यांना पटत नाही. पुन्हा दिवाळीनंतर सुरू.

तुमच्या ओळखीत असा हात नसेल, तर गोरेवाडा किंवा अंबाझरीच्या जैवविविधता उद्यानात जाऊन दाणे दाखवू नका, मोबाइलवर आवाज वाजवून बोलावू नका. तिथं पक्षी फांदीवरच टिपावेत. फोटो टाकताना मीही घराचा नेमका पत्ता देत नाही. पंधरा जण कुंपणाशी उभे राहिले तर दोन हिवाळ्यांची मेहनत एका सकाळी जाईल.

निघताना मामांना छोट्या स्क्रीनवर फोटो दाखवला. त्यांनी चष्मा वर करून बराच वेळ पाहिला आणि म्हणाले, "हे पाह्य, डावा पाय कसा जपून ठेवला त्यानं. नख लागू देत नाही तो."